पाव फेरा

टू-स्ट्रोक इंजिनाचा स्लो कधी एकसुरी लागत नाही. लागलाच, तर खुशाल समजावं की कुणीतरी रेस वाढवून ठेवली आहे आणि खरा रोग आत तसाच आहे. गाडी स्टँडवर उभी, मूठ सोडलेली, इंजिन आपलं आपण चाललेलं. ही अवस्था पाहायला साधी, पण जमवायला सगळ्यात अवघड. पळती गाडी पुष्कळ दोष पोटात घालते. वेगाच्या भरात एखादी ठिणगी हुकली, पेट्रोल थोडं कमीजास्त झालं, तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. स्लोला मात्र काही लपत नाही. म्हणून जुन्या स्कूटरच्या मिस्त्रीचं कसब जोखायचं असेल तर त्याला इंजिन उतरवताना पाहण्यापेक्षा चौकात बंद पडणाऱ्या गाडीचा स्लो लावताना पाहावं.

मी म्हणतो ती स्कूटर म्हणजे प्रिया. साताऱ्याची स्वतःची. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली, तिचा कारखाना साताऱ्यात उभा राहिला, आणि तिथून बाहेर पडलेल्या प्रियांवर किती शिक्षकांनी, तलाठ्यांनी, बँकेच्या कॅशियरांनी अख्ख्या नोकऱ्या काढल्या. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचा तो काळ. आता बऱ्याच प्रिया भंगारात गेल्या. ज्यांना विकवत नाही त्यांच्या दारात काही उरल्या आहेत. कुळी पाहिली तर इटलीची. बजाजने १९६०च्या सुमारास पियाज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, १९७१मध्ये तो परवाना संपला, पण इंजिनाची मांडणी पुढेही तीच राहिली. इंजिन एका अंगाला, कार्बोरेटर थेट त्याच्या पाठीवर, आणि मागचं चाक गिअरबॉक्सलाच जोडलेलं, मध्ये साखळी नाही की पट्टा नाही.

आता आवाज ऐकावा. नीट लागलेली प्रिया स्लोला टप्, टप्-टप्, टप् अशी किंचित अडखळत बोलते. नवख्याला वाटतं, मिसिंग मारतेय. तसं नसतं. मिनिटाला हजार फेरे धरले तर सेकंदाला १६-१७ वेळा प्लगमध्ये ठिणगी पडते, कारण इथे प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. पण प्रत्येक ठिणगीला मिश्रण पेटेलच असं नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर ढकलायला पिस्टनची एक खेप राखून ठेवलेली असते. टू-स्ट्रोकमध्ये हे काम नव्या पेट्रोल-हवेनेच, आत शिरता शिरता, करायचं असतं. मूठ सोडलेली असताना आत येणारा घास इतका लहान की त्याच्याने सगळा धूर हुसकला जात नाही. जुना धूर आणि नवं मिश्रण यांचा काला होतो आणि ठिणगी त्यात विझते. पुढच्या फेऱ्याला आणखी थोडं नवं मिश्रण येतं, मग ते पेटतं. एक फेरा रिकामा, एक भरलेला, कधी लागोपाठ दोन रिकामे. हे अडखळणं इंजिनाच्या जन्माबरोबरच आलेलं आहे. ते पुसायचं तर रेस चढवावी लागते, आणि मग गाडी सिग्नलला उभी राहून ओरडते, पहिला गिअर टाकताना खाडकन् आवाज करते आणि पेट्रोल पिते ते वेगळंच.

जाणता मिस्त्री या अडखळण्याचा पोत ऐकतो. आवाज हळूहळू जड होत, मागून निळसर धूर सोडत, बसत बसत बंद पडला तर पेट्रोल जास्त होतंय. उलट आवाज आपणहून वर तरंगला, हलका झाला आणि मग कापल्यासारखा तुटला, तर पेट्रोल कमी पडतंय. दोन्हींचा शेवट बंद पडण्यातच होतो, म्हणून मालक दोन्ही वेळा एकच तक्रार सांगतो. कानाला मात्र ही दोन वेगळी मरणं आहेत. हा कान या मुलखात आला कुठून, असा प्रश्न मला पडत नाही. कृष्णाकाठच्या विहिरींवर ऑइल इंजिनांचा ठोका ऐकतच इथल्या पिढ्या वाढल्या. किर्लोस्करवाडी १९१०ची, सांगली जिल्ह्यातली. साताऱ्याचे धनजीशा कूपर तर नांगर आणि इंजिनांचे कारखानदार असून १९३७मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. इंजिनवाला माणूस राज्याच्या गादीवर बसलेला जिल्हा हा!

ज्यांच्याकडे मी हे सगळं पाहिलं ते साताऱ्यातले मिस्त्री साठी ओलांडलेले. समोर आलेले गुरुजी त्यांच्याहून मोठे, निवृत्त, आणि त्यांची प्रिया निळी. हा संवाद मी ऐकलेला आहे, आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच सर्वांत कसदार भाग.

"काय म्हणती गाडी, गुरुजी?"

"चौकात थांबलं की बंद पडते हो, मिस्त्री."

"गार असताना का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर. घरापासून पवई नाक्यापर्यंत काही नाही."

"बंद पडल्यावर किक मारली की लगीच घेती, का वाट बघाय लागती?"

"लगेच घेते. आणि पळताना एकदम झकास."

"चोक वढून बघितला का?"

"चोक ओढला की थांबते. पण मग धूर सोडते."

"बरं. ऱ्हाऊ द्या हितं, चहा घ्या."

अजून एका पान्याला हात लागलेला नाही, आणि निम्मं इंजिन संशयातून मोकळं झालं आहे. किक मारली की लगेच घेते, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर यांचा दोष बहुधा नाही. ते दोघे तापले की गप्प बसतात आणि निवाल्याशिवाय बोलत नाहीत. पळताना झकास, म्हणजे मोठा जेट, सायलेन्सर, क्लच ठीक. आणि चोक ओढल्यावर थांबते, यात तर जवळजवळ उत्तरच आलं. चोक पेट्रोल वाढवतो. पेट्रोल वाढवल्याने बरं वाटत असेल तर एक तर स्लोच्या वाटेने पेट्रोल कमी येतंय, नाहीतर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. पुढचं सगळं काम या दोन शक्यतांमधलं. प्रश्नांचा क्रम असा लावलेला की प्रत्येक उत्तराने एकेक दार बंद व्हावं. चांगल्या वैद्याकडे हे असतं, आणि चांगल्या वकिलाकडेही.

मग टाकीचं झाकण. ते फिरवण्याआधी मिस्त्री कान खाली नेतात. झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल खाली उतरताना वरून हवा आत यावी म्हणून. ते मातीने बुजलं तर टाकीत निर्वात साठत जातो आणि काही किलोमीटरवर गाडी उपाशी मरते. झाकण सैल करताना 'स्स' असा आवाज आला की कार्बोरेटर न उघडता काम संपलं. आज तो आवाज आला नाही. ही तपासणी क्षणाची, पण किती जणांनी ती चुकवून अख्खा कार्बोरेटर खोलला असेल!

पेट्रोलचं प्रकरण हल्ली जरा वाढलं आहे. २०२५पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे या भागात अखेर ऊसच. ज्या शेताच्या बांधावरून गुरुजी स्कूटर नेतात त्याच शेतातला ऊस वेगळ्या रूपाने त्यांच्या टाकीत परत येतो. शेतकऱ्याला पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण जुना जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेला आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच भोकातून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण थोडं पातळ पडतं. जुनी रबरं त्याने फुगतात. आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी बसतं. मिस्त्री फ्लोटच्या वाटीतला तळाचा थेंब तळहातावर घेतात आणि हात हलवत राहतात. पेट्रोल बघता बघता उडून जातं. मागे थेंब राहिला तर तो पाण्याचा. ना मीटर, ना कागद.

प्लगवर ते फार वेळ घालवत नाहीत, आणि तेही बरोबरच. प्लगचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तपकिरी म्हणजे बरं, काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी. पण स्लोला पाच मिनिटं उभ्या असलेल्या गाडीचा प्लग काढून त्याचं भविष्य वाचणं म्हणजे निव्वळ करमणूक, कारण स्लोचं काजळ वरचा सगळा इतिहास झाकून टाकतं. प्लग वाचायचा तर गाडी भर वेगात असताना क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावं आणि रस्त्याच्या कडेला प्लग काढावा. मिस्त्री फक्त टोकांमध्ये कार्बनचा धागा अडकलाय का ते बघतात, फिलर घालून अंतर तपासतात, साधारण ०.६ मिलिमीटर, आणि प्लग परत बसवतात.

कार्बोरेटर उघडताना मात्र हात संथ होतो. साइड पॅनल काढलं की चौकोनी डबा दिसतो. त्याचं झाकण, मग हवेची जाळी, आणि त्याखाली दोन जेट उभे, वरून स्क्रू-ड्रायव्हर घालून काढता येतील असे. गाडीवरून कार्बोरेटर न उतरवता जेट हाती यावेत ही मूळ रचनाकाराची कृपा. त्यातला धाकटा तो स्लोचा जेट. त्याचं भोक चार-पाच दशांश मिलिमीटरचं. पूर्ण उघड्या मुठीला मोठा जेट इंजिन पोसतो, पण चौकात उभ्या गाडीचा जीव या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रावर असतो. त्यात वाळलेल्या ऑइलचा एखादा पापुद्रा आला की पुरे.

छिद्र साफ करायला काय वापरावं, यावर मिस्त्रीची परीक्षा घेता येते. घाईचा माणूस हाताला लागेल ती पोलादी तार घालतो. पितळ मऊ, तार कठीण, एका रेट्यात भोक मोठं. मग गाडी कायमची जास्त पिते आणि का पिते ते कुणालाच कळत नाही. आमचे मिस्त्री जुन्या विजेच्या वायरीचं टोक सोलतात, पिळलेल्या तांब्याच्या तारांतली एकच तार वेगळी करतात आणि ती छिद्रातून हळूच ओवतात, जोर न लावता. तांबं पितळेहून मऊ, त्यामुळे ओरखडा गेलाच तर तारेवर जाईल. मग तोंडाने फुंकर, मग जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटणं. छिद्र गोल दिसलं पाहिजे. गुरुजींच्या जेटमध्ये अर्धचंद्र दिसत होता. दोन ओवण्यांनंतर पौर्णिमा झाली. दुसरा एखादा इथेच थांबला असता, बिल केलं असतं, आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

पण चोरटी हवा अजून तपासायची होती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसतं घर नव्हे. पिस्टन वर गेला की ती पोकळी मिश्रण आत ओढते, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण वर ढकलते. प्रियात तर क्रँकची फिरती बाजूच दार उघडते आणि लावते, वेगळी झडप नाही. मिश्रणातलं ऑइल ती बाजू आणि तिची बैठक यांच्यामधली फट भरून काढतं. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं ते यासाठीही, लिटरला साधारण २० मिली. त्या बैठकीवर चरे पडले तर मिश्रण उलट फिरतं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर धरलेल्या तळहाताला ओला फवारा लागतो. हेही मिस्त्री पाहून घेतात. हात कोरडा निघाला.

आता ही पोकळी जिथे जिथे फुटू शकते तिथे संशय. पहिली जागा कार्बोरेटरची बूड. तो दोन लांब बोल्टांनी क्रँककेसवर आवळलेला असतो, मध्ये पॅकिंग. गळतंय असं वाटलं की लोक बोल्ट आणखी आवळतात. कार्बोरेटर हलक्या धातूचा, जास्त आवळला की त्याची बूड केसभर वाकते आणि मधे फट राहते. जितकं आवळाल तितकं गळेल. मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला, बूड पुसली, आणि दुकानाच्या जुन्या कपाटाच्या काचेवर ठेवली. काचेचा तुकडा ते याच कामासाठी जपतात, कारण काचेइतकी सपाट वस्तू गॅरेजात दुसरी नसते. एका कोपऱ्यावर बोट दाबलं तर दुसरा कोपरा डुगडुगला, अगदी ऐकू येईल न येईल असा टिक. मग काचेवर झिरो पेपर, त्यावर दोन थेंब ऑइल, आणि कार्बोरेटर इंग्रजी आठाच्या आकारात फिरू लागला. सरळ पुढेमागे घासलं तर एक कड जास्त झिजते. आठात फिरवलं की प्रत्येक कोपऱ्याला सारखा वाटा मिळतो. मधेच उलटा करून बघणं. चकाकी आधी दोन टोकांना, मग कडांना, आणि शेवटी बुडाच्या सबंध तोंडावर एकसारखी उतरली तेव्हा हात थांबला. आणखी एक फेरा जास्त झाला असता. वस्तू कुठे थांबवायची हे ज्याला कळतं त्याचाच हात बघत बसावंसं वाटतं.

हवेची दुसरी वाट ऑइल सीलची, आणि तिथे कान पुन्हा कामाला येतो. क्रँकला दोन्ही अंगांना एकेक सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही, वर लोंबकळत राहते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर आत येतं ते गिअरबॉक्समधलं ऑइल. मग मागे धुराचा लोट, प्लग तेलकट, आणि गिअर ऑइल कुठेही न सांडता कमी होत जातं. एकाच जातीचे दोन भाग, पण लक्षणं अगदी उलट. मिस्त्रींनी गाडी पुन्हा जोडून सुरू केली, मूठ पिळली, सोडली, आणि आवाज उतरताना ऐकला. एकदा. मग पुन्हा एकदा. आवाज थेट खाली आला आणि आपल्या अडखळण्यावर जाऊन बसला. सील शाबूत. तरीही खात्रीसाठी त्यांनी कार्बोरेटरच्या सांध्यावर चारी बाजूंनी ग्रीसचं बोट फिरवलं. फट असती तर ग्रीसने ती बुजून आवाज बदलला असता. काहीजण यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. त्यांच्या गॅरेजपासून शहाण्याने जरा लांबच उभं राहावं.

पॉइंटचं काम किरकोळ होतं. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट पाहिले, किंचित काळवंडलेले, पॉलिश पेपरची एक पट्टी फिरवली, अंतर पाहिलं, खिडकी बंद.

एवढं सगळं झाल्यावर मिस्त्रींनी स्क्रूला हात लावला. सर्वात शेवटी. गावभरच्या लोकांचा अनुभव याच्या नेमका उलटा असतो. गाडी बंद पडायला लागली की जो तो आधी स्क्रूच पिळतो.

प्रियाला स्क्रू दोन. एक वरून, तो रेसचा. दुसरा डब्याच्या मागच्या अंगाला, तो मिश्रणाचा. हा दुसरा स्क्रू आत पिळला की मिश्रण कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. आणि इथे एक मजा आहे. सांगलीत यामाहा आरएक्स १००चे भक्त अजून पुष्कळ. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ती गाडी विश्रामबागेकडून येताना दिसण्याआधी ऐकू येते. तिच्या मिकुनी कार्बोरेटरच्या अंगालाही अगदी तसाच दिसणारा स्क्रू आहे, पण तो हवेचा. आत पिळला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. तोच हात, तोच पेचकस, तीच दिशा, परिणाम मात्र उलटा. ओळखायची खूण सोपी. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, हवेच्या तोंडाकडे असेल तर हवेचा. सांगलीत प्रिया आली की आरएक्सवर हात बसलेले पोरगेलेसे मेकॅनिक हमखास गोंधळतात, आणि साताऱ्यात आरएक्स आली की म्हातारे. मी दोन्हीकडे गंमत बघितली आहे.

मिस्त्रींची रीत अशी. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेला, टेकेपर्यंत. आवळला नाही, कारण आवळला की त्याचं निमुळतं टोक चेपतं. मग दीड फेरा बाहेर. गाडी सुरू केली, चांगली तापू दिली, रेस जरा चढवून ठेवली. मग मिश्रणाचा स्क्रू अगदी सावकाश आत-बाहेर. एका जागी आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात मोकळा होतो. ती जागा कानाने पकडायची. मग रेसचा स्क्रू उतरवायचा, पुन्हा मिश्रणाची जागा शोधायची, पुन्हा रेस उतरवायची. दर खेपेला हालचाल कमी कमी. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असाच केसभर सरकवतो आणि तार एकाएकी बोलायला लागते. तिथेही योग्य जागा डोळ्याला दिसत नाही, ती आली हे कानच सांगतो.

आता ज्या बारकाव्यासाठी हा सगळा प्रपंच लिहिला तो. सगळ्यात मोकळ्या आवाजाची जागा सापडल्यावर मिस्त्रींनी स्क्रू तिथे ठेवला नाही. पाव फेरा बाहेर काढला. आवाज किंचित जड झाला, अडखळणं जरासं वाढलं. पाहणाऱ्याला वाटावं, लागलेला स्लो यांनी बिघडवला. मी विचारलं तर त्यांनी हात यवतेश्वराच्या घाटाच्या दिशेने केला आणि म्हणाले, "गुरुजी कासला जात्यात. उतरताना मूठ बंद असती."

आणि त्यातच सगळं आलं. घाट उतरताना चालवणारा मूठ सोडतो, गाडी उताराने पळते, इंजिन मात्र गिअरमुळे जोरात फिरत राहतं. मूठ बंद म्हणजे मोठ्या जेटची वाट बंद. आत येतंय ते फक्त स्लोच्या वाटेने. आणि प्रियाला ऑइल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलबरोबरच येतं. आरएक्सला ऑइलचा स्वतंत्र पंप आहे, तिला ही काळजी कमी. प्रियाचा पिस्टन मात्र घाटाच्या त्या लांब उतारावर, भर वेगात फिरताना, त्या सुईच्या टोकातून येणाऱ्या थेंबभर पेट्रोलमधल्या ऑइलवर जगत असतो. मिश्रण अगदी हिशोबी ठेवलं तर चौकातला स्लो सुरेख लागेल आणि पसरणीच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर पिस्टन कोरडा पडून धरेल. जुनी माणसं उतारावर मधूनच मूठ पिळून सोडतात ती उगीच नाही, तेवढ्याने पिस्टनला घोटभर ऑइल मिळतं. मिस्त्रींनी तो घोट आधीच पाव फेऱ्यात घालून ठेवला होता. स्टँडवर उभ्या गाडीचा आवाज लावताना ज्याच्या मनात घाटाचा उतार असतो, त्याच्या कारागिरीला आणखी प्रशस्तिपत्र कशाला हवं?

जागेची उंचीही या हिशोबात असते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १,३५०च्या आसपास. वर गेलं की हवा ७-८ टक्के विरळ होते, आणि सांगलीत नेमकी लावलेली गाडी वेण्णा लेकला पोहोचेपर्यंत जरा जड बोलू लागते. आता पेट्रोलमधलं इथेनॉल मिश्रण पातळ करतं आणि डोंगर ते दाट करतो, तेव्हा काही अंशी दोघांची फिटंफाट होत असावी. उसाने घेतलेलं महाबळेश्वर थोडंफार परत करतं म्हणायचं! बर्फाच्या देशात पळणाऱ्या जुन्या स्नोमोबाईलचा स्लो लावणारेही याच काळजीत असतात. इंजिन तेच टू-स्ट्रोक. तिथे कडाक्याच्या थंडीने हवा दाट होते म्हणून मिश्रण पातळ पडतं, डोंगरावर गेलं की उलटं. सील कडक झालं की तिथेही रेस उतरत नाही. वर त्या गाड्यांत पेट्रोल चढवणारा छोटा पंप बहुधा क्रँककेसच्याच श्वासावर चालतो, त्यामुळे त्याची नळी चिरली तरी स्लोच बिघडतो. गुलमर्गला हौसेने त्या गाडीवर बसून आलेल्या सातारकराला हे कुणी सांगत नाही, पण त्याच्या दारातल्या प्रियाची ती चुलत बहीण आहे.

शेवटची तपासणी हँडलची. गाडी स्लोला ठेवून मिस्त्रींनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवलं. ॲक्सिलरेटरची वायर हँडलच्या नळीतून खाली जाते. ती ताणलेली असेल तर हँडल वळवताना आपोआप खेचली जाते आणि रेस वाढते, मग वळणावर गाडी अंगावर आल्यासारखी वाटते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी जातो. डावीकडे वळवताना आवाज एवढासा वर गेला. त्यांनी वायरीला थोडी ढील दिली, पुन्हा वळवलं. आवाज जागचा हलला नाही.

गुरुजींनी पैसे विचारले. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा ऐकून त्यांनी एक नोट जास्त काढली, ती परत आली. "आता स्क्रूला कुणाला हात लावू दिऊ नका," मिस्त्री म्हणाले. "कासला जाऊन या, आन् घाट उतरल्यावर गाडी तशीच हिकडं घिऊन या. प्लग काढून बघू, पाव फेरा लागतोय का अर्धा ते."